पोळ्याच्या दिवसाची डवरणी

दोन वर्षांपूर्वी, कापूस वेचणीला येण्याआधी, सेलू तालुक्यातल्या एका गावचा शेतकरी गट परदेशी कपडे कंपनीच्या यादीतून वगळला गेला. कारण एकच होते. पर्यवेक्षकाने सही केली नाही.

या पर्यवेक्षकाला गावात शंकासूर म्हणत. मी काका म्हणे. कंपनीसाठी कापूस घेऊन सरकी काढणाऱ्या एकाच जिनिंगमध्ये आम्ही दोघे नोकरीला होतो. मी ऑफिसात, ते शेतांवर. कंपनीचे नियम थेट शेतापर्यंत पाळले जातात की नाही, हे पाहणे त्यांचे काम. घातक औषध नको, फवारताना हातमोजे हवेत, केलेल्या प्रत्येक कामाची डायरीत नोंद हवी. त्या बदल्यात जिनिंग गावात येऊन कापूस उचले. बाजार समितीच्या रांगेत ट्रॅक्टर उभे करावे लागत नसत.

काका कागद नंतर बघत, आधी वास घेत. एका घरी हातमोजे नाकाशी धरून म्हणाले, "नव्या रबराचा वास येऊन राह्यला. फोटोपुरतेच घातले वाटते." घरधनी हसला. काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी फवारणीच्या वेळी ते बांधावर हजर होते.

त्यांचा संशय एकाच बाजूचा नव्हता. "ते शर्ट इकणारे आपल्याले नियम सांगतात," ते म्हणत. "त्यायची डायरी कोन पाहते?" कंपनीची माणसे आली की हाच प्रश्न ते त्यांनाही विचारत.

त्या वर्षी डायऱ्या कोऱ्या राहिल्या होत्या. तपासणी तोंडावर आल्यावर मॅनेजरने त्या मला भरायला सांगितल्या. बत्तीस डायऱ्या मी दोन दिवसांत भरल्या. दर पंधरा दिवसांनी डवरणी, म्हणजे बैल जुंपून केलेली कोळपणी, धरून तारखा टाकल्या आणि काकांना शंका येऊ नये म्हणून तीन पेन वापरले. मुंबईहून आलेल्या तपासनिसांनी त्या पाहून समाधान व्यक्त केले. काकांची सही तेवढी बाकी होती.

त्यांनी पहिली डायरी नाकाशी नेली. "वावरात राहिलेली डायरी अशी वासते?" मग पाने उलटली, दुसरी घेतली, तिसरी घेतली.

"पेनं तीन हायेत, बाबू. डोकं एकच हाय," ते मला म्हणाले. त्यांनी एका तारखेवर बोट ठेवले. "या दिवशी पोळा होता. बत्तीस घरी बैल डवऱ्याले जुपले? त्या दिवशी या गावात बैलाच्या खांद्यावर माशी बसू देत नाईत."

मॅनेजर म्हणाला, "मुंबईवाल्यांना चाललं ना?"

"त्यायले पोळा माहीत नाई. मले माहीत हाय."

गटाच्या प्रमुख सुमनबाई तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या सहीवर आमचा कापूस अडला हाय. एक डाव डोये मिटा ना."

"मिटतो. पन मंग मिटलेलेच ठेवा लागन, बाई."

डायऱ्या कोणी भरल्या, हे त्यांनी मला विचारले नाही. मीही सांगितले नाही.

त्या हंगामात गावचे ट्रॅक्टर बाजार समितीच्या रांगेत उभे राहिले. गावात काही दिवस काकांना कोणी चहा विचारला नाही. पुढच्या महिन्यात जिनिंगने त्यांना येऊ नका म्हणून सांगितले. ते नालवाडीला, आपल्या घरी गेले. मी महिनाभर थांबून नोकरी सोडली.

गेल्या वर्षी गटाने पुन्हा अर्ज केला. डायऱ्या ज्याच्या त्याने भरल्या. गटाला एका हंगामासाठी परत घेतले गेले. सही नव्या पर्यवेक्षकाची होती.

सुमनबाई आपली डायरी घेऊन नालवाडीला गेल्या. पुढचे त्यांनीच मला सांगितले. काकांनी वास घेतला आणि एका डागावर बोट ठेवून विचारले, "हे काय?"

"च्या सांडला."

त्यांनी पोळ्याच्या तारखेचे पान काढले. त्यावर लिहिले होते : बैल धुतले. काम नाही.

ती डायरी मी पाहिली आहे. त्या पानाच्या कोपऱ्यात काकांची सही आहे. ती कोणी मागितली नव्हती.