धनराजचा कार्बन भरायला वेळ लागायचा

धनराज गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुर्री गावातल्या माझ्या घरी ताटावर बसलो होतो. त्याच्या बायकोचा फोन. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊ, गेले ना जी ते…" हात धुऊन उठलो. रडू आलं नाही, नुसता थकवा आला. महिना उलटला, तो अजून अंगातून गेलेला नाही.

गोंदियाच्या कॉलेजात आम्ही दोघं रसायनशास्त्र शिकवायचो. तो चिचगडचा, एकदा डोक्यात घेतलं की ऐकेल तर शपथ! अर्जुनी मोरगावच्या तलावांतल्या शिंगाड्यांची टरफलं पोत्यानं आणायचा, भट्टीत त्यांचा कोळसा करायचा आणि त्यापासून सुपरकपॅसिटरचे, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या डबीचे, इलेक्ट्रोड बनवायचा. त्या कोळशात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. वीज दिली की भोवतीच्या द्रावणातले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, त्या छिद्रांत शिरतात. जितके शिरतील तितकी वीज साठते. धनराजच्या कोळशाची छिद्रं फारच अरुंद. मी म्हणायचो, "अबे, एवढ्याशा भोकात जाईल कोण?" तो चिडायचा. "जातात बे! पण छिद्रं आधीच आयनांनी भरलेली असतात. आतले काही निघतील तेव्हा बाहेरचे शिरतील. अर्जुनीच्या स्टँडवर एसटी लागली का काय होते? सारे दारातच घुसतात. उतरत नाही कोणी, चढत नाही कोणी. उगा जोर कायले लावतं? जरा दम धर ना!"

दम धरायला वेळ कोणाला होता? किती वीज साठते ते मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, म्हणून त्यानं आपले इलेक्ट्रोड नागपूरच्या एका प्रयोगशाळेत पाठवले. तिथं रांग मोठी. त्यांनी भरभर वीज चढवली, भरभर उतरवली आणि कळवून टाकलं, कार्बन निकामी आहे. "हळू भरून पाहा," म्हणून त्यानं किती विनवण्या केल्या… उत्तर एकच, भरायलाच वेळ लागणारा सुपरकपॅसिटर काय कामाचा? "घाई नसलेली कामं जगात नाहीत का रे?" तो मला विचारायचा. पुढं पुढं विचारणंही सोडलं. वर्गातून आला की खुर्चीत नुसता बसून राहायचा. 'निकामी' हा शब्द त्याच्या जिवाला लागला होता, आणि तोच घेऊन तो गेला. मला आजही त्या शब्दाचा संताप येतो.

मागच्या आठवड्यात मीच ते इलेक्ट्रोड घेऊन नागपूरच्या त्याच प्रयोगशाळेत गेलो. हातापाया पडलो म्हणा ना. ऑपरेटरला म्हटलं, अगदी हळू चढव. सकाळी लावलं, दुपार कलली, तरी किती वीज आत गेली ते दाखवणारी स्क्रीनवरची रेघ वरच चालली होती. "सर, ये तो ले रहा है," तो चकित होऊन म्हणाला. मी तिथूनच फोन लावला. "वहिनी, धनराज खरा होता. त्याचा कार्बन भरतो." त्या म्हणाल्या, "मंग तेव्हा काऊन नाही थांबले जी ते लोक?"

मी फोन खिशात ठेवला. प्रयोगशाळा बंद व्हायची वेळ झाली होती, रेघ मात्र अजून वर चढतच होती. ऑपरेटरनं बटणाकडे हात नेला. "बंद करूं, सर?"

"राहू दे," मी म्हणालो. "भरून राहिलं अजून."