कर्जमुक्तीचा मंडप

कर्ज कितीही मोठं असो, त्यातून सुटायचा मार्ग असतोच, हे वाक्य मी एका भव्य व्यासपीठावरून ऐकलेलं आहे. परवा एका लग्नात अंगावर गुलाबपाणी उडालं आणि इंदापूरचं ते कर्जमुक्ती शिबिर आठवलं. एका पुढाऱ्यांच्या वाढदिवसानिमित्त ते भरवलं होतं, आणि मंडप माझ्या दाजींचा, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचा होता. दाजींचे बँकेचे हप्ते थकलेले, वर दोन फायनान्स कंपन्यांचे फोन, आणि लासुर्ण्याचं राहतं घर तारण. अर्धी सकाळ हारतुऱ्यांत आणि गुलाबपाणी शिंपडण्यात गेल्यावर पुण्याहून आलेल्या वक्त्यांनी मार्ग सांगितले: बँकेशी बोलून हप्ता कमी करून घ्या, एकरकमी तडजोड करा, नाहीतर काहीतरी विका. दाजी मागच्या रांगेतून उठले. "सायेब, घर इकू का टेम्पो? मंडपाचं सामान त्याच्यातच जातंय, धंदा त्याच्यावर हाय." वक्ते शांतपणे म्हणाले, "आधी लोकांकडे अडकलेली तुमची बिलं वसूल करा." "व्हय, पण ज्यांच्याकडं अडकल्यात ते तुमच्याच शेजारी बसल्यात." मंडपात हशा पिकला. पुढारीही मनापासून हसले, त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दाजींना वर बोलावून शाल-नारळ दिला. बिल दिलं नाही. दिवाळीच्या आत घर विकलं गेलं. ताई आता बारामतीत भाड्याच्या खोलीत राहते आणि घराचा विषय निघाला की चहा टाकायला उठते. पुढच्या वाढदिवसाला पुढाऱ्यांनी रक्तदान शिबिर घेतलं. मंडप दुसऱ्याचा होता.