आत्याचा अर्ज

शेजारून वाटीभर साखर आणली, तर आमची आत्या ती परत करताना वाटी शिगोशीग भरून द्यायची. कुणाचं काही अंगावर राहू नये, हा तिचा हट्ट. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून टेंभुर्णीतल्या एका खोलीत शिलाई मशीन चालवून ती जगली, आणि त्याचा तिला फार अभिमान होता.

तो अभिमान मलाही आवडायचा. पण त्याची धार दुसऱ्यावर चालायची, ते मला सहन होत नसे. समोरच्या शांताबाईला नवऱ्याने टाकलेलं. कंबर गेल्यामुळे शेतातली रोजंदारीही सुटलेली. रेशनचं फुकट धान्य आणि निराधारांचं अनुदान, एवढ्यावर तिचं घर चालायचं. ती पिशवी घेऊन निघाली की आत्या मशीन थांबवायची आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "चालली सरकारची लेक."

मी चिडून विचारायचे, "तिची कंबर तुला असती तर?"

"तर बसून करायचं काम शिकले असते म्या," हे तिचं ठरलेलं उत्तर.

मग आत्याचे डोळे अधू झाले. ऑपरेशनचाही उपयोग झाला नाही. शिवण वाकडी जाऊ लागली, बायका कापड दुसरीकडे नेऊ लागल्या. मी बदनापूरला शिक्षिका. माझ्याकडे चल म्हटलं तर येईना. शेवटी निराधारांच्या अनुदानाचा अर्ज मीच भरला, दाखले गोळा केले आणि सहीसाठी तीन शनिवार तिच्या मागे लागले. तिने सही केली तीही मी रडले म्हणून.

तलाठी चौकशीला येणार, त्या दिवशी मी रजा काढून गेले. बघते तर आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून बसलेली, फुलांच्या कपबश्या काढलेल्या.

"मावशी, कशावर भागतं तुमचं?" तलाठ्याने विचारलं.

"बराबर चाललंय. शिलाई हाय, गिऱ्हाईक हाय. मला काहीच कमी न्हाई."

तलाठ्याने तेच लिहून घेतलं. पुढे अर्ज नामंजूर झाला.

त्या दिवशी तलाठी गेल्यावर मी तिला नको नको ते बोलले. ती शांतपणे म्हणाली, "निराधार म्हंजे ज्याला कुणी न्हाई तो. मला तू हायेस ना."

मी चहा न घेताच निघाले. पुढचे चार महिने फिरकले नाही. शाळा, परीक्षा, कारणं होतीच. फोनवर ती "बरं हाय" एवढंच म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात ती झोपेतच गेली. दहाव्याला शांताबाई माझ्याजवळ येऊन बसली.

"ताई, रागावू नका. चार महिने त्यांना रोज दोन पोळ्या देत होते. रेशनचे गहू म्हटलं असतं तर हात लावला नसता त्यांनी. मंग म्या सांगितलं, तुमच्या भाचीनं पैसे धाडलेत गव्हाला."

"काय म्हणाली?"

"काय म्हणणार? साऱ्या गल्लीला सांगत होत्या, माझी पोर मला बघते म्हणून."

मी काहीच धाडलं नव्हतं. ती घेणारच नाही, हे मी तिला न विचारताच ठरवून टाकलं होतं.