नवसी कणखर हाय

मासवणच्या नवसीला जावेचं चांगलं बघवत नव्हतं, हे सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त जावेला. दोघी एकाच सुमारास पोटुशी राहिल्या, सपनाला सहावा लागला तेव्हा नवसीला सातवा, आणि नवसीच्या अंगाचा जो तिळपापड व्हायला लागला तो काही थांबेना.

होणारच की हो! धाकटा दीर भावेश बोईसरला कंपनीत कायम झालेला, आणि सपना त्याची पहिलटकरीण बायको. सासू गोजराबाई तिचं ताट पुरुषांच्या पंगतीलाच मांडायची, आठवडी बाजारातून तिच्यासाठी कलेजी आणायची. नवसी वाढायला उभी. सगळ्यांचं उरकलं की तळाचा भात आणि कालवणाचं पाणी तिच्या वाट्याला. त्यावर कोरा चहा ढोसला की भूक मरते, म्हणून दिवसातून पाचदा चहा. नवऱ्याने, जिव्याने, कधी विचारलं नाही आणि हिने कधी सांगितलं नाही. सपनाच्या ताटातली कलेजी मात्र तिच्या डोळ्यांत सलायची.

सपनाकडे नसलेली एकच गोष्ट तिच्याजवळ होती. गोजराबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, सपना नाजूक, पण आमची नवसी कणखर, वीटभट्टीवर राबता राबता दोन पोरी झाल्या तिला. झालं, बाई चढल्या हरभऱ्याच्या झाडावर. आशाताईने दोघींना लोहाच्या गोळ्या दिल्या. सपनाने नेमाने घेतल्या, नवसीने 'ही नाजूक लोकांची थेरं' म्हणत डब्यात टाकल्या. विहिरीवरून हंडा आणताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग ती कुडाला टेकायची आणि आधी बघायची, सपना पाहत तर नाही ना.

तपासणीच्या दिवशी गोजराबाई दोघींना उपकेंद्रात घेऊन गेली, ती खरं म्हणजे सपनासाठी. नर्सबाईने दोघींच्या बोटांतून रक्त काढलं. सपनाचं भरलं अकरा, नवसीचं साडेसहा. आता कुणीही घाबरलं असतं. पण नवसीच्या मनात पहिलं काय यावं? रक्तसुद्धा हिलाच जास्त!

नर्सबाईने तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि विचारायला सुरुवात केली. धाकटी पोर केवढी? पारूला अजून वर्ष व्हायचं होतं, अंगावर पीत होती. म्हणजे आधीची झीज भरून यायच्या आत हे तिसरं. खाते काय? जेवणावर लगेच चहा? त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही, बाई. शेतात अनवाणी जाते, मग जंताची गोळी घेतली का? सगळी उत्तरं गोजराबाईच देत होती, आणि एकेका उत्तराला नर्सबाईचा चेहरा उतरत होता. शेवटी म्हातारी म्हणाली, "हिची काळजी नका करू. नवसी कणखर हाय. सपनाला ताकदीचं काय ते लिवून द्या."

नर्सबाईने तिला हातानेच गप्प केलं. "चक्कर येते का ग? खरं सांग. एवढ्या कमी रक्तावर बाळंतपणात तूही हातची जाशील आणि पोरही."

सपना शेजारीच उभी होती. तिच्यादेखत हो म्हणायचं? मग आपल्याजवळ उरलं काय? 'नाय' अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात पोटातलं पोर हललं, पण इतकं हळू, की नवसीच्या काळजात चर्र झालं.

"येते," ती म्हणाली. "रोज येते."

नर्सबाई पालघरच्या दवाखान्याची गाडी बोलवायला फोनकडे वळली. गोजराबाई ओशाळली. एवढं होत होतं तर बोलायचं नाय का, असं काहीतरी पुटपुटली.

नवसीने जावेच्या भरल्या गालांकडे पाहिलं आणि तिला रडू फुटलं. "मला भूक पण लागते, आय. हिच्याइतकीच लागते."