गच्चीवरची पंगत

तुळजापुरात बस स्टँडच्या मागं लॉजची एक ओळ आहे. त्यातल्या एका तीन मजली लॉजच्या गच्चीवर सरुबाई चादरी धुवायची. दर्शनाला आलेल्या माणसांच्या चादरींना हळद लागलेली असायची. हळदीवर साबण पडला की डाग लालभडक होतो. तो घासून निघत नाही, उन्हानंच जातो. सरुबाई चादर दोरीवर टाकायची आणि सोडून द्यायची. दुपार कलेपर्यंत तो लाल रंग पिवळा व्हायचा, पिवळा फिका व्हायचा आणि कधी नाहीसा झाला ते कळायचंही नाही. वाऱ्यानं चादरी फुगायच्या, बसायच्या. खालून संबळाचा आवाज यायचा, बसचे हॉर्न यायचे, पण वर येईस्तोवर त्यांची धार गेलेली असायची. त्या पांढऱ्या गल्ल्यांतून फिरताना सरुबाईला पुष्कळदा वाटायचं, आपण जागे आहोत का झोपेत.

माहेर तिचं नळदुर्गाजवळच्या खेड्यातलं. लहानपणी आईबरोबर लोकांच्या रानात खुरपायला जायची. दुपारी बाकीच्या बाया लिंबाखाली गोल करून बसायच्या आणि ह्या मायलेकी बांधाच्या अलीकडं. कुणी या म्हणायचं नाही, कुणी जा म्हणायचं नाही. ते तसंच असायचं. पुढं मुरुम गावच्या पिराजीशी लग्न झालं. तो बाजारात हमाली करायचा. तिथं सासू, नवरा, मग लेक श्रावस्ती, सगळ्यांना वाढता वाढता तिचं स्वतःचं जेवण चुलीपाशी उभ्यानं उरकायचं. पिराजी छातीच्या दुखण्यानं गेला, तशी ती लेकीला घेऊन तुळजापूरला आली. लेक शिकली, सोलापूरला एका दवाखान्यात नर्स झाली. सरुबाई मात्र गच्चीवरच्या खोलीतच राहिली, आणि तिची सवयही राहिली. डाव्या हातावर भाकरी, भाकरीवर चटणी, उजव्या हातानं चादरी सारखी करत करत एकेक घास.

उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीच्या सावलीला एक मांजर येऊन बसायला लागलं. अंगावर काळे, तांबूस ठिपके, म्हणून सरुबाईनं तिला कबरी म्हटलं. एका जर्मनच्या, ॲल्युमिनियमच्या वाटीत दूध-भाकरीचा काला करून ठेवला आणि ती चादरींचे पिळे सोडायला गेली. मागं बघते तर कबरी पायाशी. काला जिथल्या तिथं. तिला वाटलं, पोट भरलेलं असेल. पण कबरी वाटीकडं चार पावलं जायची, वळून बघायची, पुन्हा पायात यायची. शेवटी सरुबाई कंटाळून वाटीपाशी टेकली. तेव्हा कुठं कबरीनं मान खाली घातली आणि चपाचपा खायला लागली. मध्येच थांबून बघायची, बाई आहे ना. सरुबाई उठली की खाणं बंद.

रोजचंच झालं मग ते. सरुबाईनं लेकीला फोनवर सांगितलं, तर श्रावस्ती हसली. काही मांजरांना असतं म्हणे तसं, लहानपणी कुणी जवळ बसून खाऊ घातलेलं असतं, नाहीतर एकटं खाताना भ्या वाटतं. सरुबाई त्यावर बराच वेळ विचार करत राहिली. खाताना मान खाली जाते. मान खाली गेली की पाठ उघडी पडते. जनावराला हे कळतं, म्हणून त्याला राखणीला कुणीतरी लागतं. चादरींच्या सावल्या अंगावरून सरकायच्या, कबरीची पाठ घासागणिक हलायची, आणि सरुबाईचा हात आपसूक त्या पाठीवर जायचा.

पावसाळा सरताना तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनसाठी लेकीनं सोलापूरला बोलावून घेतलं. लॉजचे मॅनेजर शिवलिंगप्पा खाली काउंटरला बसत. बायको वारल्यापासून डबा लावलेला, तो काउंटरच्या मागं भिंतीकडं तोंड करून खायचे. बोलणं कामापुरतं. जायच्या दिवशी सरुबाईनं भीतभीतच विषय काढला. मांजराला भाकर टाका, पण नुसती टाकू नका, ते खाईस्तोवर जरा बसा. अप्पांनी चष्म्यावरून बघितलं आणि हे चोचले आपल्याच्यानं होणार नाहीत म्हणून सांगितलं.

सोलापुरात डोळ्यावर पट्टी बांधून पडलेली असताना सरुबाईला सारखी गच्ची दिसायची. चादरी दोरीवर वाळून कडक झाल्यात, आणि वाटीपाशी कुणीच नाही. लेक भात कालवून भरवायची. पहिल्या दिवशी सरुबाईला त्याची लाजच वाटली. मग तिच्या ध्यानात आलं, लेक घास देऊन उठत नाही, तो गिळेपर्यंत बसून राहते. डोळे झाकलेले असताना त्या बसण्याचा आवाज तिला ऐकू यायचा, बांगडीचा, श्वासाचा.

ती काळा चष्मा लावून परत आली ती भर दुपारी. जिना चढून गच्चीच्या दारात पोचली आणि थबकली. टाकीच्या सावलीला शिवलिंगप्पा मांडी घालून बसले होते. पुढ्यात डबा उघडलेला. शेजारी वाटीत तोंड घालून कबरी.

अप्पा जरा ओशाळले. पहिल्यांदा त्यांनी भाकर टाकून दिली होती, ती तशीच वाळली. मांजर दारात येऊन नुसतं बघायचं. मग एकदा रागारागानं डबा घेऊनच वर आले, म्हटलं बघू कसं खात न्हाय. आणि ते खाल्लं. हे सगळं त्यांनी कबरीकडं बघतच सांगितलं.

"आता खाली गिळवंना मला," ते म्हणाले. "सरुबाई, तुमी कवा जेवता?"

"माझं काय, अप्पा, हिंडता फिरता."

"बसा की मग. भाकर हाय न्हवं तुमच्यापाशी?"

श्रावस्तीनं बांधून दिलेली डब्याची पिशवी सरुबाईच्या हातातच होती. ती बसली. बसली ती सवयीनं जरा लांब, दोरीच्या पलीकडं. अप्पांनी डबा उचलला आणि तिच्याकडं सरकले. शेंगाचटणीची वाटी पुढं केली. तिनं आंबाडीची भाजी उघडली, आणि त्यांनी भाकरीनं तिच्या डब्यातली उचलून घेतली. मोडलेला पहिला घास तिनं खाली ठेवला, पदर सारखा केला, मग पुन्हा उचलला. अप्पा खाली बघून जेवत राहिले, तिच्याकडं बघितलं नाही, आणि ते बरं झालं.

कबरी तोंड पुसून, बदलीच्या बाईनं वाळत घातलेल्या चादरींत निघून गेली. खाली सोलापूरची गाडी लागली, माणसं 'उदो उदो' म्हणत उतरायला लागली, तरी अप्पा उठले नाहीत.

जेवण झाल्यावर सरुबाई टाकीला टेकली. नव्या डोळ्यात ऊन मऊ उतरत होतं, काळ्या काचेतून सगळं पाण्याखालच्यासारखं दिसत होतं. कामाच्या वेळेला तिचा डोळा लागला. असं आजवर कधी झालं नव्हतं.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. दोरीवर काही नव्हतं. खोलीच्या उंबऱ्यावर चादरींची चळत होती, टोकाला टोक न जुळलेली, एक जाड घडी, एक पातळ, वरची तर गोळाच. अप्पांना घड्या घालता येत नव्हत्या. सरुबाईनं वरची चादर उचलली, उलगडायला गेली, आणि मग तशीच परत ठेवली. ती चळत तशीच उचलून ती खाली खोल्यांत द्यायला निघाली.