दुसरी पंगत

रविवारी भरल्या चर्चमध्ये पंचांनी मला उभं केलं. पाळकसाहेबांचा आशीर्वाद तेवढा बाकी होता.

"ऊठ रं. तो सिनेमा बघून आलास न्हवं? सांग सगळ्यांस्नी."

चर्चचा कारभार बघणारे हे पंच माझ्याच वयाचे. त्यांचे आजोबा मिशनच्या शाळेत हेडमास्तर होते. पंच मला अरे म्हणतात, मी त्यांना अण्णा म्हणतो.

"व्हय. बघितला."

"बायकोला घेऊन?"

"तिलाबी घेऊन."

कुणीतरी हसलं. अण्णा मंडळीकडं वळले. "बघा. चार पिढ्या झाल्या बाप्तिस्म्याला, तरी तमाशाचा नाद रक्तातनं जाईना ह्यांच्या."

बायकांच्या बाजूला माझी मुलगी बसली होती. तिनं ओढणी डोळ्यांपर्यंत ओढली. पुढच्या रविवारी तिच्या लग्नाची पहिली हाक होती. लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं चर्चमध्ये वाचतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. त्या हाका झाल्याशिवाय पाळक लग्न लावत नाहीत. मुलगा निपाणीचा, आमच्याच मंडळींतला.

"पुढं येऊन माफी माग," अण्णा म्हणाले. "मग हाक वाचू."

सिनेमा आमच्याविरुद्धच होता. त्यातला पाळक तांदूळ वाटून माणसं बाटवतो. मंडळीनं ठरवलं, विश्वासणाऱ्यांनी तो बघायचा नाही आणि बंदीसाठी डीसी ऑफिसला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडं, अर्ज द्यायचा. माझ्याकडं सही मागायला आले. मी मच्छे गावातल्या एका कारखान्यात मालाच्या तपासणीला आहे. माप घेतल्याशिवाय नग नापास करता येत नाही. म्हटलं, आधी बघतो, मग सही करतो.

थिएटरात पडद्यावर आमची प्रार्थना चालली होती आणि मागून शिट्ट्या. बायकोनं माझा हात घट्ट धरला. उठून जावंसं वाटलं. बसून राहिलो. धडधडीत खोट्या अशा सात गोष्टी मोजल्या. आठवी खरी निघाली.

त्यात प्रभुभोजनाचा, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा, प्रसंग आहे. वेदीपुढं आधी जुनी घराणी गुडघे टेकतात. ती उठल्यावर मागच्या बाकांवरची माणसं. प्याला एकच, पण आधी त्यांच्या ओठांना लागतो, मग ह्यांच्या.

हे आमचंच होतं. आमच्यात पहिली पंगत मिशनच्या आवारातल्या घरांची. दुसरी 'नव्या घरां'ची. माझे पणजोबा गावात हलगी वाजवायचे. ती खाली ठेवून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आम्ही अजून नवेच. कुणी नियम केलेला नाही. कुणी कधी अडवलंही नाही. मी आपला दुसऱ्या पंगतीत जात आलो. मला वाटायचं, पुढचे बाक आधी उठतात, एवढंच. आमचा द्वेष करणाऱ्यांनी ते मला दाखवलं. आमच्या माणसांनी कधी दाखवलं नव्हतं.

अण्णांच्या घरात तो सिनेमा सगळ्यांनी मोबाईलवर बघितला होता. त्यांच्या सुनेनंच माझ्या बायकोला सांगितलं. त्यांचा रागही त्याच एका प्रसंगावर होता.

मी पुढं गेलो नाही. जागेवरूनच बोललो.

"अण्णा, सिनेमा सात जागी खोटा हाय. तसं लिहा, सही करतो. पण पंगतीचं खरं हाय. ते आधी मोडा."

पाळकसाहेबांनी घाईनं आशीर्वाद उरकला. मागच्या बाकांवरची माणसं चपला घालून माझ्याकडं न बघता निघून गेली. आमचीच माणसं.

घरी मुलगी म्हणाली, "आप्पा, मागा की माफी. एक शब्द तर हाय. माझ्यापायी मागा."

पुढच्या रविवारी हाक झाली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. निपाणीहून व्याह्यांचा फोन आला. "रजिस्टर लग्न आमच्यात चालत न्हाय. तुमचं तुम्ही मिटवा, मग बघू."

मिटणार नाही. लग्न तिथं लागेल का बघायला दुसऱ्या दोन चर्चमध्ये जाऊन बसलो. दुसरी पंगत तिथंही होती. आमच्यातला कुणी माझ्याबरोबर उठेल, ही आशा आता राहिली नाही. बायको म्हणते, देवावर सोडा. मुलगी बोलत नाही.

लग्न मोडलं तर ते माझ्यामुळं, हे मी मान्य करतो. पण आज माफी मागितली तर उद्या तिची पोरं त्याच दुसऱ्या पंगतीत गुडघे टेकतील. त्यांना वाटेल, देवानंच ही जागा ठरवून दिली.

माफी मागणार नाही. पुढच्या प्रभुभोजनाला मी पहिल्या पंगतीत जाऊन गुडघे टेकणार आहे. प्याला मला वगळून पुढं नेतील. नेऊ देत. मी उठणार नाही.