डांबरावरची लष्करी फटफटी

लढाई संपून तीन-चार वर्षं झाली असतील. कल्याणच्या कॅम्पातलं लष्कर उठून गेलं होतं, बराकींमध्ये सिंधी निर्वासित राहायला आले होते आणि लष्कराचा उरलासुरला माल डिस्पोजलच्या विक्रीत निघाला होता. शहाण्या लोकांनी घोंगड्या घेतल्या, पाण्याच्या बाटल्या घेतल्या. मी मोटरसायकल घेतली.

वाळूतून आणि चिखलातून जावी म्हणून बनवलेली ती फटफटी. शेवाळी रंग, उंच बांधा आणि टायरवर पेढ्याएवढाले रबरी गोळे. माझं बिऱ्हाड कल्याणला, कारकुनी ठाण्याच्या कचेरीत आणि मधला रस्ता डांबरी. वाटेत ना वाळू, ना चिखल. हे विकणाऱ्याला कळत होतं, बायकोला कळत होतं. मला कळत नव्हतं, कारण मी गॉगल लावून आरशात बघत होतो.

डांबरावर ते गोळे थडाथड आपटत. गाडी घोंघावे आणि तो कंप हँडलमधून मनगटात, मनगटातून थेट दाढांत जाई. रस्त्यावरची माणसं वळून बघत. मला वाटे, कौतुकानं बघतात. पुढे कळलं, मागून ट्रक येतोय समजून बाजूला होत होती. कचेरीत पोचल्यावरही हाताचा कंप जात नसे. माझी मस्टरवरची सही बघून एकदा हेडक्लार्क म्हणाले, "अहो, मुंगी शाईत बुडून चाललीय का इथून?" आणि एकदा तर कोर्टासमोरच्या गुळगुळीत वळणावर गाडी अशी काही घसरली, की मी पक्षकारांच्या रांगेपुढे साष्टांग आडवा. एका म्हातारीनं घाबरून मलाच नमस्कार केला.

शेवटी बायकोनं वडिलांना बोलावून घेतलं. सासरेबुवा ठाण्याचे, निवृत्त हेडमास्तर. माणूस कडक, पण न्यायी.

"बाबा, तुम्हीच सांगा यांना, ती विकून टाका म्हणून."

"पेपर न तपासता मी कुणाला नापास केलेलं नाही," ते म्हणाले. "जावईबापू, उद्या मला ठाण्याला पोचवा. मग बोलू."

मी कॅरिअरवर रजई घडी करून बांधली. त्यांनी धोतराचा सोगा खोचला, टोपी खिशात घातली आणि माझा खांदा धरून बसले. डांबरी रस्ता लागला तसा त्यांच्या कवळीचा तडतडाट माझ्या कानाशी ऐकू येऊ लागला. मग तो एकदम थांबला. मला वाटलं, स्वारी रुळली. खरं म्हणजे त्यांनी कवळी काढून रुमालात गुंडाळली होती. त्यानंतर ते अवाक्षर बोलले नाहीत. ती शांतता पसंतीची समजून मी वेग वाढवला.

पुढे वळणावर पेंढ्यानं लादलेली बैलगाडी रस्ता भरून उभी होती. ब्रेक दाबावा तर गाडी घसरणार, हे मी कोर्टासमोर शिकलो होतो. मी हँडल वळवलं आणि आम्ही रस्ता सोडून खाली शेतात उतरलो.

भात कापून झालं होतं. गाडी पहिला बांध चढली, उतरली आणि काय सांगू, लोण्यातून सुरी जावी तशी चालू लागली. घोंघाट नाही, कंप नाही. तेवढ्यात सासरेबुवा पाठीवर थापा मारत ओरडू लागले, "फांबू! फांबू!" पुढचं वाऱ्यात विरलं.

मी घाबरून गाडी थांबवली. "मामा, लागलं का?"

त्यांनी रागानं कवळी तोंडात बसवली. "थांबू नका म्हणतोय मी! चाललं होतं ना छान?"

शेताचा मालक विळा घेऊन धावत आला. "अवो, रस्ता त्या बाजूला हाय!"

"ठाऊक आहे आम्हाला," सासरेबुवा म्हणाले आणि मला पुढचा बांध दाखवला. मालकाची माफी मलाच मागावी लागली.

पुढच्या रविवारी ते निकाल द्यायला कल्याणला आले. "गाडीत दोष नाही," त्यांनी मुलीला सांगितलं. "फक्त ती डांबरावर नेऊ नये."

"मग न्यायची कुठे? यांची कचेरी काय शेतात आहे?"

हेडमास्तर चहा प्याले आणि मला म्हणाले, "चला, शहाडपर्यंत जाऊन येऊ. नदीकाठानं."

असे पुष्कळ रविवार आम्ही हिंडलो. सोमवार ते शनिवार मात्र ठाण्याचं डांबर होतंच आणि माझी पाठ काही लष्करी बनावटीची नव्हती. उन्हाळ्यात मुरबाडकडच्या एका जंगल ठेकेदाराला मी गाडी विकून टाकली. त्यानं किक मारली, समोरच्या मुरमाच्या ढिगावर ती सरळ चढवली आणि पलीकडे उतरून दिसेनासा झाला. बायकोनं त्या दिवशी शिरा केला.

सासरेबुवा मात्र माझ्यावर रुसले. त्या वर्षी आंब्याची पेटी आली ती मुलीच्या नावानं, आणि माझ्याशी ते पावसाळा संपेपर्यंत फक्त हवापाण्याबद्दल बोलत होते.